सुनंदा आणि घरात पुरलेली बाई

सुनंदाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. "ताई, सुनंदा गेली... झोपेतच." बस महाळुंग्याजवळच्या गर्दीत अडकली होती. शेजारची मुलगी पाण्याची बाटली पुढे करत होती. आता काही आठवडे गेलेत. थोडं लिहिता येतंय.

आमची ओळख पुनावळ्यातली, समोरासमोरच्या दारांची. मी लग्न होऊन देगलूरहून आलेली. ती पिंपरीतल्या कामगाराची, बौद्ध घरातली मुलगी. पुरातत्त्वात काम करायची. फार जुन्या काळातली माणसं कोण होती, कुणात मोडायची, हे त्यांच्या हाडांवरून आणि दातांवरून शोधायची. हा फ्लॅट मिळण्याआधी घरमालकांनी आडनाव ऐकून तिला परत पाठवलं होतं. ते सांगताना ती हसली होती. "मला एका बाईची ओळख पटवायला वर्षं लागतात गं. हे लोक एका शब्दात मोकळे होतात." हसली खरी, पण तिचा चहा तसाच गार झाला.

ती बाई चाकणच्या बाजूला सापडली होती. एका शेडचा पाया खणताना हजारो वर्षांपूर्वीचं घर लागलं आणि त्याच्या जमिनीखाली तिचा सांगाडा. बाई कुणाची, यावरून गावात लगेच दोन तट पडले. सुट्टी होती म्हणून मीही सुनंदाबरोबर गेले होते, तर खड्ड्याच्या कडेला हमरीतुमरी चाललेली. एक म्हातारे पुढे आले. "बाई, ही आमच्यातली का त्यांच्यातली, येवढंच सांगा."

"आत्ता नाही सांगता येणार, बाबा. दात तपासू द्या. मी स्वतः येऊन सांगेन."

आणि गेलीही, मला बरोबर घेऊन. तपासणी व्हायला बराच काळ लागला, तोवर सांगाडा उचलून नेला होता. देवळासमोरच्या पारावर बसून ती म्हणाली, "दात लहानपणी बनतात. तेव्हा प्यालेल्या पाण्यातून तिथल्या खडकाची खूण त्यांत उतरते. ही आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात वाढलेली नाही." मग माझ्याकडे बोट करून, "हिच्या देगलूरकडे असतो तसल्या दगडाच्या भागातून आली असावी."

"म्हंजी परकीच की," कुणीतरी म्हणालं.

"आली परकी. पण पुरलं इथल्या रीतीनं, राहत्या घरात, उशाशी इथलीच भांडी ठेवून. घरातल्या माणसालाच तसं पुरायचे."

तेच म्हातारे म्हणाले, "सासुरवाशीण म्हना की मंग."

"असेल. कामाला आलेलीही असेल, बाबा. ते दात सांगत नाहीत."

तट मिटले असं नाही. पण संध्याकाळी एक आजी त्या रिकाम्या खड्ड्यापाशी ओटी भरायला आल्या. सुनंदाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, तरी तिनं त्यांना हात धरून उतारावरून आणलं. "आजी, तांदूळ कडेला ठेवा, आत नको. नाहीतर पुढे खणणारे लोक म्हणतील, त्या काळातही इंद्रायणी तांदूळ होता." दोन्ही बाजूंची माणसं हसली.

परतताना मला रडू आलं. इतकी वर्षं राहूनही मी इथं 'तिकडची'च होते... सुनंदा गाडी कडेला घेऊन नुसती थांबून राहिली.

परवा तिच्या भावानं घर आवरायला बोलावलं. टेबलावर वाळूचा ट्रे होता. फुटलेली भांडी जोडल्यावर ती अशीच वाळूत टेकवून सुकवायची. त्यात माझ्या आईची लोणच्याची बरणी उभी होती. माझ्या हातून फुटलेली, मी टाकायला काढलेली. तिनं ती कधी उचलून नेली, मला माहीत नव्हतं. भाऊ म्हणाला, "ताई, हे टाकायचं का?"

ट्रे वाळूसकट घरी आणलाय. बरणी चांगली पक्की झालीय. लांबून सांधे दिसत नाहीत. बोट फिरवलं की लागतात.