मोबाईलमधली विहीण

सांगते, पण आधी एक अट. हसायचं ते आत्ता हसून घ्या. मध्येच कोणी फिसकन हसलं तर मी चहा अर्धा टाकून उठेन. आणि चहा अर्धा टाकणारी बाई मी नाही, म्हणजे केवढा राग येईल त्याचा अंदाज घ्या.

मी चौथी शिकलेली. पण बोईसरच्या बाजारात उभ्या जन्मात मला कोणी गंडवलेलं नाही. सुकी मासळी विकते मी. गिऱ्हाईक बोंबील नाकाला लावून उलटसुलट बघायला लागलं की विचारते, "काय ओ, सोयरीक जमवताय काय त्याच्याशी?" अशी मी. मग अशा बाईला गंडवलं कोणी? माझी मीच!

झालं काय, इतकी वर्षं मी चिंचणीहून पाटी घेऊन यायची आणि रस्त्याच्या कडेला बसायची. यंदा गाळा घेतला. लहानसाच, पण शटरवाला. सकाळी शटर वर करताना जो खडखडाट होतो ना, तो ऐकला की वाटतं, आपण पण कोणीतरी हाय.

पण गाळा काय खडखडाटावर चालतो? माल लागतो. गावातला माल माझ्या पाटीला पुरायचा, गाळ्याचा एक कोपरा पण भरेना. व्यापाऱ्याकडचा जवळा आणला, तर निम्मा जवळा आणि निम्मा समुद्रकिनारा! गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन दातात अडकलेली वाळू दाखवायचं.

चांगला माल होता एकाच घरी. दातिवऱ्याला. माझ्या विहिणीकडे.

हिराबाय तिचं नाव. माझी लेक नीता तिच्या घरात दिलीय. आमच्याकडे विहिणीला ईनबाय म्हणतात. तर या ईनबायचे बोंबील म्हणजे काय सांगू! कडक, पांढरे, वाळूचा कण नाही. सोडे असे की माळकरी पण दोन मिनिटं थांबून बघेल. ती भागीत आली तर माझा गाळा उभा राहणार. नाही आली तर मी आणि शटर, दोघंच.

मग जाऊन विचारायचं ना, असं म्हणताय? विहिणीला? तुमची लग्नं झालीत ना? मग असं कसं विचारता!

अहो, ती मुलाची आई. वरमाय! मी मुलीकडची. मी मागायला गेले म्हणजे आधीच मान खाली. त्यात माझं तोंड हे असं. एक शब्द वाकडा गेला की इथे गाळा जाईल तो जाईल, तिथे माझ्या नीताला सकाळच्या चहाबरोबर टोमणे. म्हणून मी नुसती घोळत बसले होते.

माझी सून मनाली एमआयडीसीतल्या एका ऑफिसात कामाला जाते. ती एक दिवस म्हणाली, "आई, एवढा विचार कशाला? ए आयला विचारा की."

"कोणाच्या आयला?"

"अहो, ए आय! मोबाईलमधलं!"

मग तिने समजावलं. तिच्या ऑफिसातली माणसं साहेबाकडे काही मागायला जायच्या आधी मोबाईलला सांगतात, तू आमचा साहेब हो. मग तो साहेबासारखा बोलतो. याची बोलायची तालीम होते. पुढे खऱ्या साहेबासमोर त-त-प-प होत नाही.

"तुम्ही सांगा, तू माझी विहीण हो. आधी तिथे बोलून बघा, मग खरोखर बोला."

"आणि भांडण झालं तर?"

"मोबाईलशी कसलं भांडण, आई!"

बघा, शिकलेली मुलगी. पण सासूला ओळखलं नाही.

तिने माझ्या मोबाईलमध्ये सगळं लावून दिलं. बोलायचं, की तो पण तोंडाने उत्तर देतो. मी म्हटलं, "ईनबाय, माझ्या गाळ्यात भागी करता काय?"

आतून आवाज आला, "आदरणीय विहीणबाई, आपला प्रस्ताव अत्यंत स्वागतार्ह आहे. परस्पर विश्वासाने आपण निश्चितच पुढे जाऊया."

मी मनालीकडे बघितलं. "ही दातिवऱ्याची? ही तर बँकेतली वाटते."

"मग तिला सांगा ना, तुमची विहीण कशी आहे ते. जेवढं सांगाल तेवढं खऱ्यासारखं बोलेल."

हे वाक्य तिने मला सांगायला नको होतं.

मी सुरू झाले. लग्नापासून. मानाची साडी दिली, तर हिने ती उलगडून सुद्धा बघितली नाही, तशीच पिशवीत टाकली! नारळ द्यायला जरा उशीर झाला, तर मांडवाच्या दारात खांबासारखी उभी राहिली! पंगतीत वाढायला कोणी विसरलं, तर "असू दे, आमाला सवय हाय," असं चार बायकांना ऐकू जाईल एवढ्या हळू बोलली! सांगता सांगता मोबाईल तापला. मनाली मध्ये दोनदा म्हणाली, "आई, पुरे," पण इतक्या वर्षांत मला एवढं शांतपणे ऐकून घेणारं घरात कोणी भेटलंय?

सगळं ऐकून तो म्हणाला, "समजलं. आता मी तुमची विहीण."

आणि बाई, अशी काही उतरली त्याच्या अंगात!

"दुकानाच्या बोर्डावर माझं नाव पाहिजे. तेही वर. मी वरमाय आहे."

"वर?" मी म्हटलं, "गाळा माझा, आणि नाव तुमचं वर?"

"माल माझा आहे. तुमचं काय आहे? फक्त शटर. गल्ल्यावर मी बसेन. आणि जवळा पाखडायला मला सांगू नका. आमच्याकडे वरमाय सूप धरत नाही."

फक्त शटर! ऐकलंत? डोक्यात एक शीर असते बघा, ती टणकन उडाली.

त्या दिवसापासून रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असलं की मी गाळ्यात मोबाईल उभा करायची आणि ईनबायशी भांडायची. असे एकेक जवाब सुचायला लागले म्हणून सांगू! एक दिवस एका कारखान्यातला कामगार आला झिंगा घ्यायला. मी आपली हात नाचवत बोलतेय. तो घाबरत म्हणाला, "मौसी, किससे झगड़ा हो रहा है?"

"समधनसे!"

"समधन कहाँ है?"

"इसमें!" मी मोबाईल दाखवला.

झिंगा न घेताच गेला बिचारा.

घरी मनालीने विचारलं, "काय आई, ठरलं का काही?"

"कसलं ठरतंय! नाव वरच पाहिजे म्हणते."

"कोण?"

"ईनबाय!"

"आई... ती खरी नाहीये हां."

"माहीत हाय मला! चौथी शिकलेय मी!"

आणि माहीत होतंच. शपथेवर सांगते, डोक्याला पक्कं माहीत होतं. पण राग काय डोक्याला विचारून येतो? मला तर झोपेत पण ऐकू यायचं, फक्त शटर, फक्त शटर.

अशात नीताचा फोन. "आय, सासूबाई उद्या तुझा गाळा बघायला येतायत."

"येते काय? बघतेच कशी येते!"

"काय?"

"ये म्हणावं. चहाला ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सफाळ्याच्या स्टेशनावरून गाडी पकडून ईनबाय हजर. मनालीला सुट्टी होती, ती पण मदतीला आलेली. ईनबाय आली ती हातात बोंबलाची जुडी घेऊन. मी बस म्हणायच्या आत उलट्या डब्यावर बसली आणि इकडे तिकडे बघून म्हणाली, "छान हाय गो गाळा. शटर पण मजबूत हाय."

शटर! आलीच बघा मुद्द्यावर!

मी दात दाबून चहा दिला. तिने बशीत ओतला, फुंकर मारली, आणि अडखळत म्हणाली, "ईनबाय, मनात एक हाय. बोलू काय? तुमाला राग नाय ना येणार?"

झालं. इतक्या दिवसांचं भरलेलं, ते फुटलं.

"बोर्डावर नाव वर नाय मिळणार!"

तिची बशी तोंडाशी तशीच राहिली. "कोणाचा नाव?"

"तुमचं! आणि गल्ल्यावर मीच बसणार! वरमाय असाल तुमच्या मांडवात, इथे जवळा सगळ्यांनी पाखडायचा!"

"पन मी कधी बोलली असा?"

"रोज बोलता!"

"कोणाला?"

"मला! दुपारी!"

ईनबायने बशी हळूच खाली ठेवली आणि मनालीकडे बघितलं. डोळ्यांनी विचारत होती, कधीपासून हाय असं? औषध चालू हाय काय? मनाली ओढणी तोंडात कोंबून भिंतीला टेकलेली. शेवटी तिनेच सगळं सांगितलं. मोबाईल, तालीम, सगळं.

मला वाटलं, आता ही उठणार. माल गेला, गाळा गेला, आणि माझी नीता! डोळ्यांपुढे नीताचा चेहरा आला.

ईनबायने वाकून मोबाईलकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी या मोबाईलमधी हाय?"

"हो," मनाली म्हणाली.

"ऐकव बघू, मी काय काय बोलली."

त्या मोबाईलमध्ये सगळं बोलणं साठून राहतं, आणि या घरभेदी पोरीने ते ऐकवलं! नाव वर, गल्ला, फक्त शटर, सूप धरत नाही, सगळं. ईनबाय हनुवटीला हात लावून कीर्तन ऐकावं तशी ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आगो बाय बाय बाय! किती हुशार हाय गो मी!"

"ईनबाय, ते जाऊ दे..."

"जाऊ दे कसा? मी तर एवढाच विचारायला आलेली, का माझा थोडा माल तुमच्या गाळ्यात ठेवाल काय. एका कोपऱ्यात. नाव नको, गाव नको. पाखडायला पन मीच येनार होती." तिने चहाचा घोट घेतला. "ह्या बाकीचा मला सुचलाच नव्हता. पन आता मी मागितलाच हाय, तर मी माझा शब्द कसा मोडू?"

ऐकताय ना? एका कोपऱ्यात! माल फुकटात चालून आला होता दाराशी, आणि मी तिला वर नाव, गल्ला आणि सूप-माफी शिकवून मोकळी झाले होते! तिचा वकील मी रोज दुपारी माझ्या पैशाच्या रिचार्जवर पोसला!

तरी मी तोंड उघडलं असतं. पण मनालीच्या हातातल्या मोबाईलचा कार्यक्रम संपला नव्हता. आता पहिल्या दिवसाचा माझाच आवाज लागला, साडी उलगडून सुद्धा बघितली नाही म्हणून.

ईनबाय जमिनीकडे बघत म्हणाली, "ती साडी मी उलगडली नाय, कारण मला लय आवडली. एवढी भारी साडी मला कोनी दिलेली नाय. अजून घडी मोडवत नाय माज्याने."

आता यावर काय बोलाल तुम्ही? मी काय बोलले सांगू?

"नाव वर घ्या."

"आनी गल्ला?"

"बसा."

"आनी जवळा?"

"मी पाखडेन!"

तर असा आमचा गाळा सुरू झाला. बोर्ड रंगवणाऱ्याने हिराबाय एवढं मोठं काढलं की माझ्या नावाला जागाच उरली नाही. ते खाली कोपऱ्यात आहे, मोबाईल नंबरच्या शेजारी. गिऱ्हाईक मला विचारतं, "मालकीण आहेत का?" मी सूप हलवत सांगते, "त्या बघा, पंख्याखाली."

पण धंदा चालला हां. खोटं नाही बोलणार. ईनबायच्या मालाने गाळा भरला, आणि मी ज्याच्यावर खेकसायची ते गिऱ्हाईक ईनबायच्या गोड बोलण्याने परत यायला लागलं. नीता पण खुशीत. तिकडे टोमणे मारायला सासू घरी असते कुठे? दिवसभर माझ्या गल्ल्यावर!

परवा दुपारी मी मागे जवळा पाखडत होते. पुढून आवाज आला. ईनबाय कोणाशी तरी बोलत होती, आणि समोरची बाई भलतीच गोड होती. "हो हो विहीणबाई, काही हरकत नाही. तुम्ही दमता. तुम्ही घरी आराम करा, दुकान मी सांभाळते."

मी सूप घेऊनच पुढे आले. ईनबायच्या हातात मोबाईल.

"कोण बोलतंय आत?"

ईनबाय दचकली, पण खोटं बोलली नाही. "तुमी."

"मी? मी अशी बोलते? काय सांगितलंत त्याला माझ्याबद्दल?"

"खरा तोच सांगितला. तोंडाने लवंगी मिरची हाय, पन मागायच्या आधी देऊन टाकते."

संताप संताप झाला माझा! मी? भर बाजारात जिला एक बोंबील वर मागायची कोणाची हिंमत नाही, ती मी देऊन टाकते?

"काय मागत होतात त्या मोबाईलकडे?"

"काय नाय ओ. रविवारची सुट्टी."

"रविवारची! ऐन धंद्याच्या दिवसाची! आणि ती पण मोबाईलकडे? मी काय मेले काय? मला तोंड नाय काय? हक्काच्या माणसाकडे मागायला लाज वाटते तुमाला? घ्या ना! रविवार घ्या, सोमवार पण घ्या!"

ईनबायने मोबाईल शांतपणे पिशवीत टाकला.

"सोमवारचा मला सुचला नव्हता," ती म्हणाली.