साध्या पद्धतीनं

ताईला सांगलीतल्या एका जैन मुलाशी लग्न करायचं होतं आणि बाबा अडून बसले होते. स्वतःचं लग्न बँडबाजाशिवाय, साध्या पद्धतीनं झालं, यावर ते पलूसभर भाषणं देत. त्या रविवारी आम्ही सगळे सांगलीला सिनेमाला गेलो. पडद्यावरच्या आईनं पळून जाऊन देवळात लग्न केल्याचं कबूल केलं, तशी आत्या जोरात म्हणाली, “आवं दादा, तुमचंबी असंच की! वैनीला साडी मीच नेऊन दिलती!”

“गप बस!” बाबा म्हणाले.

आई तोंडाला पदर लावून हसत होती. ताई तर खुर्चीतून उठलीच. “बाबा, मग माझंही साध्या पद्धतीनंच करूया.”

मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. मध्यंतरात बाबा तिला म्हणाले, “पोराला घरी बोलीव. पर बँड लावायचा.”