उकळलेलं पाणी आणि चौदा ग्लास रस

एकाहत्तरच्या एप्रिलात आम्ही पाचजण ट्रक घेऊन नगरहून कोपरगावला सामान आणायला निघालो. सकाळी सहाला हवालदार सावंतांनी हुकूम दिला, "उकळलेलं पाणीच प्यायचं. बाहेरचा थेंब नाही." पुरेसं मोठं पातेलं मिळालं असतं, तर या माणसाने अख्खी गोदावरी चुलीवर चढवली असती!

बाराला कोपरगावाबाहेर थांबलो. हवालदार सामानाच्या कागदांवर सह्या घ्यायला गेले. वर्दी बघून रसवंतीवाला उठलाच. "जवान मानसं, रस घेतल्याबिगर जायचं न्हाई!" रस म्हणजे पाणी नव्हे, असा हुकुमाचा अर्थ मी, हवालदारांच्या खालोखालचा लान्स नाईक, जागच्या जागी लावला. बर्फाची लादी तो पाटाच्या पाण्यात धूत होता. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

बराकीत माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा शेवगावचा दगडू ग्लासला हात लावेना.

"हवालदारसायेब म्हनलेत..."

"लई भित्रा हायस, दगड्या. लढाईत बी परवानगी मागशील?"

तो एक ग्लास प्याला. मी चौदा. बरं, सहा.

चार आठवड्यांनी दगडूला ताप आला, उलट्या झाल्या, मग डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर कॅप्टनसाहेब म्हणाले, "कावीळ. घाण पाण्यातून आलेली. औषध नाही, फक्त विश्रांती." पाचव्या दिवशी तो बरळू लागला, मला आई म्हणून हाक मारू लागला. "दोन दिवस कठीण आहेत," कॅप्टनसाहेब म्हणाले.

मी हवालदारांसमोर सावधान उभा राहून सगळं कबूल केलं.

"बर्फ कशाचा असतो?"

"पाण्याचा, साहेब."

"उकळलेल्या?"

"नाही, साहेब."

"आजपासून कंपनीचं पाणी तू उकळायचं. संडासातून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर साबणही तूच ठेवायचा."

ठेवला. दुसरा कोणी पिवळा पडला नाही. मीसुद्धा नाही. "तुला लहानपणी होऊन गेली असेल, कळलीही नसेल," कॅप्टनसाहेब म्हणाले. हिणवणारा सुटला, हिणवलेला अडकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दगडूने डोळे उघडले. अन्नाच्या वासाने ओकणारा हा गडी म्हणाला, "भाकरी हाय का रं?" मी व्हरांड्यात गेलो आणि दहा मिनिटं टोपीची घडी घालत बसलो.

डिसेंबरात आम्ही पश्चिम आघाडीवर होतो. सकाळी दहा चाळीसला हवालदार सावंत गोळी लागून पडले, ते कायमचे. त्यांच्या कमरेची बाटली भरलेली होती. पाणी पहाटे मीच उकळलं होतं.

दगडूने एक घोट घेतला. मग मी.