न उघडता केलेली सही

कुणी बांधणीचं पुस्तक हातात दिलं, की मी आधी ते मधोमध उघडतो, पाठ वाकवतो आणि घडीत दोरा दिसतो का ते बघतो. लोक हसतात. हसू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

तेलगावकडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याचा काही दोष नव्हता. आमच्याकडं पाठ्यपुस्तकं पेपरबॅकच यायची. पुठ्ठ्याची आवृत्ती बहुतेक निघायचीच नाही, आणि निघाली तरी एकीच्या जागी दोन पेपरबॅक येतात म्हणून समिती तिच्यावर काट मारायची. मग ती नवीकोरी पुस्तकं कपाटात न लावता थेट बांधणीला. त्याला कारण होतं. नियम पंधरा दिवसांचा, पण दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या पोरापोरींना मी सहा-सहा महिन्यांसाठी पुस्तकं द्यायचो. रजिस्टरात नावापुढं ‘कोयता’ लिहिलं की प्राचार्यसुद्धा काही विचारायचे नाहीत. आणि उसाच्या फडावर, पाचटानं शाकारलेल्या कोपीत, पेपरबॅक काही पंधरा दिवस टिकत नाही.

बांधणी करायचा माझा दोस्त. सिरसाळ्याला त्याचं दुकान. शाळेत आम्ही एका बाकावर बसलेलो, एका डब्यात जेवलेलो. त्याच्या हातची शिलाई म्हणजे बघत राहावं! सोळा पानांच्या घडीला तो जुज म्हणायचा. असा एकेक जुज मधून दोऱ्यानं शिवायचा, खळीत मोरचूद घालायचा म्हणजे कसर लागत नाही, आणि वरून पुठ्ठा. “अबे, तुझ्या पोरींनी उशाला घेतलं तरी पान हलणार न्हाई,” असं म्हणायचा. दर पावसाळ्यात मी एसटीनं गठ्ठे न्यायचो आणि आणायचो.

परत आलेलं प्रत्येक पुस्तक उघडून, पानं मोजून, यादीवर ‘तपासले’ लिहायचं, सही करायची आणि एक प्रत त्याला द्यायची, हे माझं काम. पहिली दोन-तीन वर्षं इमानेइतबारे मोजली. मग सोडून दिलं. दोस्ताची पानं काय मोजायची? मोजायला बसलो तर मलाच लाज वाटायची.

अशाच एका दसऱ्याला तिसऱ्या वर्षाची एक मुलगी अर्थशास्त्राचं पुस्तक न्यायला आली. आईबापाबरोबर फडावर निघाली होती.

“सर, औंदा पास निघाले तर आण्णा फुडं शिकू देणार हायेत. न्हाई निघाले तर लगीन, अन् दिवाळीला नवा कोयता.”

नवा कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम जोडी बघूनच माणूस घेतो. मी नुकतंच बांधून आलेलं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, “निर्धास्त जा. लई पक्कं बांधलंय.”

उन्हाळ्यात ती आली, पेपर दिले. निकाल लागला आणि नेमकी अर्थशास्त्रात गेली. पुस्तक परत करायला आली तेव्हा त्याला खताच्या पिशवीचं कव्हर शिवलेलं होतं. एक पान दुमडलेलं नाही. मी विचारलं, “काय झालं गं?”

“मधलं काही टाळक्यात शिरंनाच, सर. वाक्यच जुळंनात. धा-धा डाव वाचलं, मग जसंच्या तसं पाठ केलं. मीच ढ हाय.”

ती गेली आणि मी पुस्तक उघडलं. मधली चाळीसेक पानं दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातली होती! तोच प्रकाशक, तोच टाईप, तोच कागद. पानांचे आकडे तळाला असतात, ते कडा छाटताना उडून गेलेले. पोरीनं ताळा लावायचा तरी कशावरून? पाठ वाकवली तर दोरा नाहीच. घड्या कापून, सुट्या पानांना नुसता गोंद फासलेला. शिवलेल्या जुजातलं पान इकडचं तिकडं होत नाही. कापला की पत्त्यांचा कॅट. दोन पुस्तकं खाली पडली असतील, गोळा करून लावून टाकली. मी कपाटातली बाकीची काढली. तीन वर्षांपासून एकाही पुस्तकात दोरा नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली. मिळेल त्या गाडीनं सिरसाळ्याला गेलो आणि पुस्तक त्याच्यापुढं आपटलं.

“दोरा कुठंय बे?”

“बस की. च्या घे आधी.”

“दोरा कुठंय?”

“कावून एवढा तापतो? कॉलेजची पुस्तकं कोण वाचतंय? कपाटात तर ऱ्हात्यात.”

मी त्याला त्या पोरीचं सांगितलं. म्हणालो, केसानं गळा कापलास माझा. मग भिंतीवरच्या तारेतून माझ्याच याद्या काढून त्यानं पुढं ठेवल्या.

“ही सही कुणाची हाय? तू मोजत हुतास तवर मी शिवत हुतो. तू मोजायचं सोडलंस, मग मी बी शिवायचं सोडलं.”

मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. त्यानंतर आजतागायत त्याच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या गावी गेलो. दारात मांडवाच्या मेढी रोवणं चाललं होतं. आषाढाच्या आत उरकायचं होतं. ती पडवीत बसली होती, हात हळदीनं पिवळे. मी सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. म्हणालो, “पेपर पुन्हा देता येतो. फॉर्म मी भरतो.” फॉर्मचं तिनं ऐकलंच नाही बहुतेक.

“म्हंजे मी ढ न्हवते, सर?”

“न्हाई गं बाई. पुस्तकच चुकीचं होतं.”

तिचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. घरात तोंड करून ती ओरडली, “आये, ऐकलं का? मी ढ न्हवते!”

आतून आई म्हणाली, “बरं. सरांला च्या टाकू का?”

चहा आला, आणि मी तो पिऊन परत आलो.