झोपाळ्याच्या जागी समुद्र

बाळांनो, या सुट्टीत घरात पाऊल टाकताच तुम्ही विचाराल, झोपाळा कुठे गेला? स्टेशनवरून घरी येईपर्यंत आजोबा आपली बाजू रंगवून सांगतील, म्हणून माझी मी आधीच लिहून ठेवते.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही पसंत केलेले ते दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे खाऱ्या पाण्यातले. तुम्ही येईपर्यंत ते जगलेच पाहिजेत, असा आजोबांचा हट्ट. दुकानदार म्हणाला, "काका, टाकी मोठी घ्या. छोट्या टाकीतलं पाणी लवकर बिघडतं." आजोबांनी शोकेसवर मावेल एवढीच घेतली. पुस्तकात लिहिलंय म्हणून हीटरही घेतला, सुरतेत, भर उन्हाळ्यात. पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र मात्र नको.

"पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंगात मीठ कालवण्यात जन्म गेला माझा. हा मला मीठ शिकवणार?"

पाणी तापू नये म्हणून छताचा पंखा दिवसभर चालू. त्यामुळे पाणी रोज बोटभर उतरायचं आणि आजोबा मीठ कालवलेलं पाणी वरून ओतायचे. मिलमध्ये तेच करायचे. रंगाचं पाणी कमी झालं की तेवढ्याच ताकदीचं भरायचं. मासे मात्र कोपऱ्यात जाऊन बसले. खाणंही सोडलं.

मी म्हटलं, "अहो, कापड पाण्याबरोबर मीठही पितं. पंखा नुसतं पाणी पितो. मीठ टाकीतच राहिलं ना?"

"तुझ्या इंग्रजी शाळेत हे शिकवलं वाटतं," म्हणाले, आणि चप्पल घालून यंत्र आणायला गेले. यंत्राचा काटा नको तिथे पोचला होता. मग आम्ही दोन-तीन दिवस थोडं थोडं गोडं पाणी घालत राहिलो. मासे खायला लागले, तेव्हा कुठे आजोबाही नीट जेवले.

दुकानदाराचं तेव्हा पटलं. मोठ्या टाकीत चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. पण चार फुटी टाकी ठेवायची कुठे? ऊन नको, जमीन सपाट हवी, पंप लावायला प्लग जवळ हवा. टेप घेऊन मी घरभर फिरले. जागा एकच निघाली.

"तिथे नाही," आजोबा झोपाळ्यावरूनच म्हणाले.

"मग मासे परत देऊ या?"

दुपारभर ते झोके घेत राहिले. चहाच्या वेळी स्वतःच स्टुलावर चढून साखळ्या उतरवल्या. आता टाकीसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि सवयीने पायाने जमिनीला रेटा देतात. खुर्ची काही हलत नाही.

दोन्ही मासे जिवंत आहेत. छतातल्या झोपाळ्याच्या कड्याही तशाच आहेत.