कामाचं हाड

चूक कबूल करायला मला वेळ लागतो. आई म्हणते, जन्माला येताना मी सुईणीशीही वाद घातला असणार. म्हणून ही चूक लिहूनच टाकते, म्हणजे मागे फिरायची सोय राहणार नाही. ती आईच्या डोळ्यांवर बेतली होती.

आई मालवणच्या मासळी बाजारात बसते. मासे विकते आणि गिऱ्हाइकाला हवे तसे कापूनही देते. तिच्या कमाईवर मी शिकले, पुण्याला गेले आणि पीएच.डी.साठी बरीच वर्षं एका प्रयोगशाळेत पेशी वाढवत बसले. माझा विषय होता अ‍ॅडेनोसिन. पेशीने काम केलं की तिच्यातली शक्ती खर्च होते, आणि त्या खर्चातून उरणारा हा एक बारीकसा पदार्थ बाहेर पडतो. शेजारच्या पेशी तो ओळखतात आणि त्यावरून पुढे काय करायचं ते ठरवतात. आईने विचारलं तेव्हा मी तिच्या धंद्यातलंच उदाहरण दिलं होतं. बाजार उठल्यावर ओट्याखाली किती खवले पडलेत यावरून कुणी किती मासे कापले ते तुला कळतं ना, तसंच.

मग ते खवले बघून पेशी करतात काय, असा तिचा पुढचा प्रश्न. मी सांगितलं की हाडावर भार पडला, ओढ बसली की तिथे हे खवले जास्त पडतात आणि हाड घडवणाऱ्या पेशी कामाला लागतात. डोक्याच्या तळाशी पीयूषिका नावाची छोटी ग्रंथी असते. तिथल्या मदतनीस पेशींनाही हे खवले कळतात, आणि ग्रंथीतून अंगभर जाणारी संप्रेरकं किती सुटावीत यात त्या लुडबुड करतात. माझ्याकडे या दोन्ही जातींच्या पेशी होत्या, वेगवेगळ्या काचेच्या बश्यांमध्ये. आईला हाडाचं लगेच पटलं. डोक्यातल्या ग्रंथीचं तिने माझ्यावर सोडून दिलं.

प्रबंध पुरा झाला तेव्हा अर्पणपत्रिकेत मी लिहिलं, ‘माझ्या आईच्या हातांना, जे कामाने मोठे झाले.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं. तिचे हात खरंच मोठे झाले होते. बोटं जाड, पंजा रुंद. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली तेव्हा माशाच्या पाण्याने बोटं सुजतात असं ती म्हणाली आणि आम्ही मान डोलावली. चपला ती पुरुषांच्या घेऊ लागली, कारण त्या जास्त टिकतात. आमच्याकडे राबणाऱ्या बाईचे हात मोठे असणं ही मिरवायची गोष्ट आहे. तो प्रबंध तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाजारात नेला आणि ते एक पान सगळ्यांना दाखवलं.

पुढे मला कणकवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी लागली. शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी यायचं, सोमवारी पहाटे परत. आईचं डोकं दुखायचं. ती चहा घ्यायची, आणि मी तिला व्याख्यान द्यायची. चहातलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, मग चहाची वेळ टळली की डोकं ठणकतं, तेव्हा आधी चहा कमी कर. तिने बिचारीने सहाचे दोन कप केले. डोकं थांबलं नाही. मी म्हटलं, सवय सुटायला वेळ लागतो. ज्या विषयात मी वर्षं घातली तोच विषय मी तिच्या दुखण्यावर झाकणासारखा ठेवून दिला. याला काखेत कळसा म्हणायचं की निव्वळ शिष्टपणा, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

एका रविवारी मी बाजारात गेले तर शेजारच्या ओट्यावरच्या मावशीने मला बाजूला घेतलं. ती आईवर रागावली होती.

“तुज्या आवशीक गर्व चढलो गो. बाजूक गिऱ्हाईक उभा रवता नि ही बघणा नाय.”

आई आणि गिऱ्हाईक न बघणार? खाली मान घालून सुरमईच्या तुकड्या पाडताना डाव्या-उजव्या अंगाला उभ्या असलेल्या माणसाला मान न वळवता भाव सांगायची तिची ख्याती होती. मी तिच्या डावीकडे हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले. ती बांगडा साफ करत राहिली. मी दोन बोटं तिच्या कानाजवळ धरून हळूहळू पुढे आणली. बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा दचकून तिने वर पाहिलं आणि मी कुठून उगवले ते विचारलं. मग मी उजवीकडून तेच केलं. उजवीकडेही तेच झालं.

दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू एकदम जाते तेव्हा कारण शोधायची जागा एकच असते. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर खाली पीयूषिका बसलेली असते. तिथे गाठ झाली की ती वरच्या त्या नसांना दाबते. आणि ती गाठ वाढीचं संप्रेरक सोडणारी असली तर मोठ्या माणसाची उंची वाढत नाही, हात, पाय आणि जबडा वाढतो. मी पहिल्यांदा आईकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. खालचा जबडा पुढे आलेला, दातांत फटी पडलेल्या. सगळं वर्षानुवर्षं माझ्यासमोर होतं.

तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो निघाला, गाठ होतीच. गोव्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की नाकातून शिरून ती काढता येईल, पण थांबू नका. नस दबून मेली तर गेलेली नजर परत येणार नाही. आई त्यांच्याशी तिच्या ठेवणीतल्या मराठीत बोलली. हात पण यामुळेच का, असं तिने विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

घरी आल्यावर तिने ऑपरेशनला नकार दिला. आधी गणपतीचं कारण, मग बांगड्याच्या हंगामाचं. मला वाटलं ती घाबरली, म्हणून मी चित्रं काढून दाखवली. ते तिला माझ्याआधी कळलं होतं. मसाला भरायचा बांगडा असला की ती पोट न फाडता कल्ल्यातून आतडी ओढून काढते, तसंच नाकातून काढणार, त्यात घाबरायचं काय, असं तिनेच मला ऐकवलं. मग मी आरडाओरडा केला. आंधळी होऊन बसलीस तर तुझी विळी कोण धरणार, असंही बोलले. ती उठून आत गेली. मी हट्टी आहे, पण हट्ट मला जिच्याकडून मिळाला तिच्याशी गाठ होती.

आठवडाभर मी रजा टाकून घरी राहिले. ती हो म्हणेपर्यंत कणकवलीचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलंच होतं. रोज दुपारी बोटं तिच्या कानाजवळून पुढे आणून नजर तपासायची आणि रोज तिला पुन्हा विचारायचं, एवढंच काम. एका दुपारी बोटं पुढे आणताना तिने माझा हात धरला आणि खाली ठेवला. स्वतःचे दोन्ही पंजे मांडीवर उघडे पसरले.

“मगे ह्ये हात कामान झाले नाय?” ती म्हणाली. “तू पुस्तकात लिवलंस. मी सगळ्यांका दाखवलंय.”

तेव्हा मला उमगलं की ती कशाला अडून बसली होती. ऑपरेशनला हो म्हणायचं म्हणजे आयुष्यभराच्या राबण्याची खूण एका गाठीच्या नावावर करून द्यायची. मी तिला तिची नजर वाचवायला सांगत होते आणि तिला वाटत होतं मी तिचे हात काढून घेतेय. मला इतकी लाज वाटली की मी आधी तिच्याकडे बघूच शकले नाही.

खोटं बोलणं सोपं होतं. हात कामानेच झाले, गाठ वेगळी, असं म्हटलं असतं तर ती त्याच दिवशी गोव्याला जायची पिशवी भरायला लागली असती. पण ती मला ओळखते, आणि पुढे कधीतरी कळलं असतं तर माझं एकही वाक्य तिने पुन्हा मानलं नसतं. म्हणून मला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. अर्पणपत्रिकेतलं वाक्य अर्धं चुकलं, ती चूक माझी. पण अर्धं खरं आहे. इतकी वर्षं टोपल्या उचलल्यास, मोठी मासळी तोडलीस, त्या प्रत्येक ओढीला तुझ्या हाडातल्या पेशींनी उत्तर दिलंय. ते मी बशीत घडताना बघितलंय. गाठीने सोडलेल्या संप्रेरकानेही त्याच हाडांत भर घातली. दोन्ही एकात एक मिसळलेलं आहे.

“किती कामाचा नि किती आजाराचा, ता सांग.”

“ता माका सांगूक येवचा नाय, आये. कोणाकच येवचा नाय.”

तिने पंजे उलटेसुलटे करून बघितले. बराच वेळ लावला. मासा ताजा की बर्फातला हे ठरवायलासुद्धा ती इतका वेळ घेत नाही.

“मगे आजाराचा काय ता काढून टाकूक सांग त्यांका,” ती म्हणाली. “कामाचा आसा ता हयच रवांदे.”

दुसऱ्या दिवशी तिने ओटा शेजारच्या मावशीच्या हवाली केला आणि आम्ही गोव्याला गेलो.

नजर बरीचशी परत आली. डावीकडे अजून थोडी कमी आहे; आई त्या बाजूला आता मान वळवून बघते. काही महिन्यांत हातांवरची सूज उतरली, बोटांची कातडी सैल पडली, आतली हाडं मात्र होती तेवढीच राहिली. वाढलेलं हाड, मग ते आजाराचं का असेना, मागे जात नाही हे मला पक्कं माहीत होतं आणि मी ते सांगायला तोंडही उघडलं होतं. पायरीवर बसून ती बोटांचं एकेक पेर दाबून बघत होती. शेवटी करंगळीपर्यंत आली आणि म्हणाली, “आता उरला ता सगळा माजा.”

मी म्हटलं, “होय गो आये, तुजाच.” आणि ते म्हणताना मी खोटं बोलतेय असं मला वाटलं नाही.