जोत्यावरची बंदूक

पलटणीतून सुटायला वर्षभर राहिलं आणि आमच्या ह्यांना घराचं वेड लागलं. अहेरीच्या पलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. गावाच्या शेवटाला जागा घेतली आणि उन्हाळ्याच्या सुटीत जोतं बांधून काढलं. बारा गावचं पाणी प्यालेला हा माणूस, म्हणायचा, आता मरेपर्यंत याच विहिरीचं पिणार. लग्न झाल्यापासून मी सासूच्या घरात कोपरा धरून राहिले होते. मला माझी चूल आणि माझं दार हवं होतं, बाकी काही नको.

गावात तेव्हा कुजबुज सुरू झाली होती. नदीपलीकडून काही लोक आलेत, बंदुका घेऊन जंगलात फिरतात, म्हणत. बाजाराच्या दिवशी पोलिसांची गाडी यायची आणि कोण आलं, कोणाकडे जेवलं, ते विचारून जायची. हे म्हणायचे, आपल्याला काय करायचं त्याचं?

एका दुपारी आम्ही जोत्याजवळच्या मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. एक अनोळखी माणूस आला. लुंगी, खांद्यावर टॉवेल, हातात भरमार, म्हणजे तोंडाकडून बारूद ठासायची ती जुनी बंदूक. डुकरामागे आलो म्हणाला आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. हे त्याच्याकडे नाही, बंदुकीकडे बघत होते. नळी गंजलेली होती आणि ते ह्यांना सहन होईना.

जित्याची खोड! बंदूक हातात घेतली, नव्या रंगरुटाला झापावं तसं त्याला झापलं आणि माझ्या डोक्याच्या तेलाची बाटली मागवून चिंधीने नळी पुसायला बसले. मग धरायची कशी, खांद्याला लावायची कशी, सगळं दाखवलं. जाताना वर हुकूमही सोडला, "नीट साफ कर अन् मले दाखवाले आनजो."

"हो जी," तो म्हणाला. निघताना जोत्याभोवती एक फेरी मारून गेला.

मी म्हटलं, शेतं उघडी पडलीत, डुक्कर इकडे कशाला येईल? आणि एकटा माणूस कुत्र्याशिवाय कुठे शिकारीला जातो? हे हसले. तुला सगळीकडे भुतं दिसतात म्हणाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी जोत्यावर पाणी मारायला गेले. बंदूक जोत्याला टेकवून ठेवलेली होती, लख्ख पुसलेली, आणि आसपास कोणी नाही. माझ्या तेलाचाच वास येत होता तिला. मी ह्यांना हाक मारली. आले, बंदूक उचलली, उजेडाकडे धरून नळीत डोळा घातला आणि खूश होऊन मान हलवली. मग भानावर आले. पोलिसांना द्यावी तर विचारतील, कोणाची, आणि शिकवलं कोणी? ठेवावी तर गाडी यायची वेळ झालेली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आम्ही दोघं तिच्यासमोर बसून राहिलो. विहिरीवर बाया होत्या, पण आमच्याकडे एकीनेही मान वळवली नाही. बंदूक कोणाची ते त्यांना माहीत होतं, हे तेव्हा मला कळलं आणि मी खरी घाबरले.

तो झाडीतून सावकाश आला. बंदूक घेतली आणि ह्यांना सोडून माझ्याकडे वळला. आवाज अगदी नरम होता.

"बाई, भाऊची पेन्शन कवा होते जी?"

मले नाई माहीत, मी म्हटलं.

"होऊ द्या आरामानं. घर तेवढं लवकर बांधा. आमचे लय जण शिकाचे राह्यले."

सुटी अर्धीच ठेवून आम्ही सासूला घेऊन चंद्रपूरला आलो. पेन्शनीनंतरही इथेच राहिलो, भाड्याच्या खोलीत. दार दुसऱ्याचं, आणि खिडकीत रोज कोळशाची काजळी. हे गावाचं नाव काढत नाहीत, मीही काढत नाही. पण गावाकडचं कोणी आलं की सांगतं, इतके पावसाळे गेले तरी तुमच्या जोत्यावर गवत नाही. कोणीतरी ते झाडून ठेवतं.